जपानीला नेलं

आमच्या लॅबमध्ये कोणाला कामावरून काढत नाहीत. जपानीला नेतात.

म्हणजे असं, की जेवायच्या सुट्टीच्या जरा आधी मालक तुमच्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात, घसा खाकरतात आणि म्हणतात, "चला, आज बाहेर जेवू." बाहेर म्हणजे रस्त्यापलीकडचं जपानी हॉटेल. त्याच्या शाखा गावभर आहेत आणि गावाबाहेरही. कुठल्याही शाखेत जा, लाकडासारखी दिसणारी तीच टेबलं, तेच कागदी कंदील, आणि आत पाऊल टाकलं की पोरापोरींची एका सुरात तीच जपानी आरोळी. जपानी माणूस मात्र औषधालाही नाही. दुपारी तिथे स्वस्तातलं ताट मिळतं: भात, सूप, तळलेलं काहीतरी, मुळ्याच्या पिवळ्या चकत्या, आणि भात हवा तितका परत. दोघं गेले तर दुसरं ताट अर्ध्या किमतीत. माणसाला घालवायचं तेसुद्धा सवलतीत, असे आमचे मालक.

पूर्वी ते केबिनमध्ये बोलावून सांगायचे. पण प्लॅस्टरवाल्याला सांगितलं, तेव्हा तो गेला, घमेलंभर ओलं प्लॅस्टर कालवून आणलं आणि केबिनच्या गालिच्यावर पालथं घातलं. वर ते पक्कं बसेपर्यंत हाताची घडी घालून शेजारी उभा राहिला. गालिचा कापून काढावा लागला. तेव्हापासून जपानी. तिथे तमाशा करता येत नाही. दोन टेबलांच्या मध्ये पडदे आहेत, शेजारी अनोळखी माणसं मान खाली घालून जेवत असतात, आणि हातात जेवायच्या त्या काड्या असल्या की भांडायला हात रिकामा नसतो. सगळा जीव घास तोंडापर्यंत पोचवण्यात जातो.

आम्ही त्याची चेष्टा करायचो. कोणाच्या हातून साचा फुटला की पॉलिशवाला मशीनवरून ओरडायचा, "घ्या काड्या!" आणि सगळे हसायचे. मीही हसायचे. मालकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आपण माणसाला किती सभ्यपणे निरोप देतो, अशी त्यांची समजूत होती.

लॅब म्हणजे दातांची लॅब. दाताचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, आम्ही त्यावरून साचा ओततो आणि त्या साच्यावर कॅप बनवतो. त्यातलं मेणाचं काम माझं. आधी दात मेणात घडवायचा, मग त्यावरून पुढचं सगळं. तुम्ही एखाद्याला हसताना बघून म्हणत असाल, काय सुंदर दात आहेत, तर त्यातले काही माझे असतील. मिरवत नाही, आहे ते सांगते.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर बेबी बसायची. बेबी म्हणजे माझी नणंद. पन्नाशीला टेकली तरी घरात ती बेबीच, आणि तिलाही ते खपतं. लग्न केलं नाही, आमच्याच घरी मागच्या खोलीत राहते. कपड्यांच्या ज्या दुकानात ती होती ते बंद पडलं आणि ती दिवसभर खिडकीत बसून नखं खायला लागली, तेव्हा मीच मालकांच्या हातापाया पडून तिला लॅबमध्ये आणलं. मेण कसं तापवायचं, हत्यार कसं धरायचं, सगळं मी शिकवलं. कॉम्प्युटरबिम्प्युटर तिची ती शिकली, ते श्रेय माझं नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी आम्हा दोघींशिवाय कोणालाच माहीत नव्हती. मेणाच्या दातात दोन कामं असतात. एक आकार आणि एक कड. कड म्हणजे दात जिथे हिरडीपाशी संपतो ती बारीक रेघ. तिथे केसाएवढी फट राहिली तर आतला दात सडतो. कड भिंगाखाली करावी लागते, आणि माझ्या उजव्या डोळ्यासमोर, बरोबर मधोमध, एक धुरकट ठिपका येऊन बसला. डॉक्टर म्हणाले, चष्म्याने जायचा नाही, आहे तेवढं सांभाळा. आकार मला अजून येतो, तो बोटांना कळतो. कड दिसत नाही.

बेबीचं बरोबर उलटं. तिची कड अशी की बघत राहावं. पण आकार! मागच्या दाढा ती कशाबशा निभावून न्यायची, समोरचा दात मात्र तिने केला की साबणाची वडी. कितीही शिकवा, हाताला ते वळणच नाही. तिचा दोष नाही, कोणाकोणाचा हात तसा असतो.

मग आम्ही वाटून घेतलं. टेबलाच्या कडेवरून साचे गुपचूप इकडून तिकडे जायचे. तिचे समोरचे दात मी करायचे, माझ्या कडा ती करायची. तिच्या डब्यातून तिच्या नावाने जाणारा दात अर्धा माझा आणि माझ्या नावाने जाणारा अर्धा तिचा. दोघी मिळून दोन माणसांचं काम नीट व्हायचं, कोणाची तक्रार नाही. घरी आमच्या ह्यांनाही सांगितलं नव्हतं. डोळ्याचं कळलं असतं तर त्यांनी जीवाला घोर लावून घेतला असता. क्रेन चालवता चालवता त्यांची पाठ गेली, तेव्हापासून ते घरीच असतात आणि घोर लावून घ्यायला त्यांना वेळच वेळ आहे.

मग लॅबमध्ये कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आलं. मागच्या दाढा ते एकटं करायला लागलं, न थकता, चहा न पिता. समोरचे दात तेवढे हाताने राहिले, कारण समोरच्या दातांच्या बाबतीत डॉक्टर लोक फार चोखंदळ असतात. आम्ही सगळेच मनातल्या मनात हिशेब मांडून बसलो, की आता मेणाला दोन खुर्च्या कशाला. पॉलिशवाल्याने काड्यांची चेष्टा बंद केली.

आणि एके दिवशी मालक येऊन बेबीच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"चला, आज बाहेर जेवू."

बेबीच्या हातातून हत्यार पडलं. चेहरा असा उतरला की मला बघवेना. तिने माझ्याकडे पाहिलं, मी टेबलाखालून तिचा हात दाबला. ती उठली, केस सारखे केले आणि मालकांच्या मागे निघाली.

ती गेली आणि मला काही काम सुधरेना. मी तिची हत्यारं पुसून तिच्या पेटीत ठेवली. तिचा कप धुतला. डोळ्यांना धार लागली होती आणि पॉलिशवाला मुद्दाम दुसरीकडे बघत होता. मी ठरवून टाकलं. मालक परत आले की सरळ केबिनमध्ये जायचं आणि सगळं सांगायचं. आम्ही दोघी मिळून एक माणूस आहोत म्हणायचं. आकार हिला येत नाही, कड मला येत नाही, एक खुर्ची ठेवा, एक पगार द्या, आम्ही आळीपाळीने बसू. नाहीतर दोघींना घालवा. बोलायचं सगळं पाठ करून ठेवलं.

बेबी परत आली ती मालकांच्या बरोबर, हसणाऱ्या मालकांच्या बरोबर. त्यांनी टाळी वाजवून सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, की आजपासून मेण आणि कॉम्प्युटर, दोन्हीकडे बेबी मॅडम इन्चार्ज. जपानीहून कोणी धडधाकट परत आल्याचं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. पॉलिशवाल्याने शिट्टी मारली. मी धावत जाऊन तिच्या गळ्यात पडले. ती खांबासारखी उभी राहिली, हात काही वर आले नाहीत. मला वाटलं, बिचारीला अजून धक्का बसलेला आहे.

मी किती मूर्ख होते!

त्यानंतर ती खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर बसायला लागली. संध्याकाळी माझे साचे येऊन न्यायची, कडा करून आणायची, तिचे समोरचे दात माझ्यासमोर ठेवून जायची. पण बोलायची कमी. बसमध्ये शेजारी बसली तरी खिडकीबाहेर बघायची. मी म्हटलं, जबाबदारी आली की माणूस गंभीर होतो. ह्यांना तर कौतुक आवरेना. फोन करून करून नातेवाइकांना सांगितलं, आमची बेबी इन्चार्ज झाली.

महिना उलटायच्या आत एका दुपारी माझ्या खुर्चीमागे कोणीतरी येऊन उभं राहिलं. घसा खाकरला. मालकांसारखाच, पण बारीक आवाजात.

"वहिनी, चल. आज बाहेर जेवू."

लॅबमधलं पॉलिशचं मशीन थांबलं. ते थांबलं म्हणूनच मला कळलं की मी ऐकलं ते बरोबर ऐकलं. सकाळी मीच दोघींचे डबे भरले होते. माझ्या समोर तिने आपला डबा पिशवीत ठेवला होता, तोंडातून ब्र काढला नव्हता. उलट म्हणाली होती, "लोणचं घातलंस ना?"

मी हत्यार पुसलं, खाली ठेवलं आणि उठले. मनात म्हटलं, रडायचं नाही. या बयेसमोर तर नाहीच.

हॉटेलच्या दाराशी काचेच्या कपाटात सगळ्या ताटांचे खोटे नमुने मांडलेले असतात. खोटे पदार्थ घडवणाऱ्यांचं आणि माझं काम एकाच जातीचं, त्यामुळे माझी नजर आधी तिथे जाते. बारीक काही दिसलं नाही, पण कोळंबीचा बाक चुकलेला मला तसाही कळला. बेबी दार धरून उभी होती. आत पोरापोरींनी आरोळी ठोकली.

तिने कोपऱ्यातलं टेबल घेतलं. टेबलावर स्क्रीन असते, त्यावर बोटाने ऑर्डर द्यायची. तिने मला न विचारताच दोन ताटं दाबली, तळलेल्या माशाची. दुसरं ताट अर्ध्या किमतीत पडलं तेव्हा स्क्रीनवर एक मांजर नाचलं. माझ्या नोकरीवर नाचणारं मांजर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"मासा चांगला असतो इथला," बेबी म्हणाली.

"तुला काय माहीत? तू इथे एकदाच आलीयेस."

ताटं आली. मी ठरवलं होतं, ती बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. सूप प्यायला सुरुवात केली. खारट, कोमट, तळाशी काहीतरी गाळ. बेबीने काड्या कागदातून काढल्या, एकमेकींवर घासल्या, खाली ठेवल्या, परत उचलल्या.

"वहिनी, मला मालकांनी सांगायला लावलंय."

"काय?"

"तुला माहितीये ना."

"माहितीये. पण तू सांग. ताट त्यासाठीच आलंय ना? फुकट जायला नको."

तिने मुळ्याची एक चकती ताटात इकडून तिकडे सरकवली. "या महिन्याअखेर," ती म्हणाली. "मी खूप सांगून पाहिलं गं. पण ते म्हणाले, कड जमत नसेल तर ठेवता येणार नाही. उद्या एखाद्याचा दात सडला तर लॅबचं नाव जाईल."

मी काड्या खाली ठेवल्या.

"कड जमत नाही हे मालकांना कसं कळलं?"

तेवढ्यात एप्रन बांधलेली एक मुलगी भाताचं भांडं घेऊन आली आणि गोड हसून म्हणाली, "अजून भात?" मी म्हटलं, "वाढ बाई." तिने वाढला. ती जाईपर्यंत मी बेबीच्या तोंडाकडे बघत होते. तो चेहरा मी ती फ्रॉक घालत होती तेव्हापासून ओळखते. चोरून काही खाल्लं की तिचे कान लाल व्हायचे. आत्ता ते लाल होते.

"तू सांगितलंस."

"मी मुद्दाम नाही सांगितलं."

"मग कसं सांगितलंस? झोपेत?"

"वहिनी, हळू बोल ना." तिने पडद्याकडे पाहिलं. "त्यांनी मला इथे आणलं. तूच सांग, इथे आणल्यावर माणसाने काय समजायचं? मला वाटलं, संपलं, मीच. ते आपले सूप पीत होते, बोलेचनात. माझ्याच्याने राहवेना. मग मीच बोलून टाकलं."

"काय बोललीस? जसं बोललीस तसं सांग."

"म्हटलं, साहेब, वहिनीच्या सगळ्या कडा दोन वर्षं मीच करते. तिला दिसत नाही. काढायचंच असेल तर..."

"वाक्य पुरं कर."

"...तर तिला काढा."

शेजारच्या टेबलावर कोणीतरी शिंकलं. बेबी रडायला लागली होती, पण बेतानेच, लोकांना दिसणार नाही इतपत.

"मग मालक काय म्हणाले?"

"ते हसले. म्हणाले, अहो, काढायचं कोणाला? मी तुम्हाला इन्चार्ज करायचं म्हणून घेऊन आलो. इथे दोघांत स्वस्त पडतं म्हणून आलो. तुम्ही भलतंच काय धरून बसलात!" तिने नाक पुसलं. "आणि मग म्हणाले, पण हे वहिनींच्या डोळ्यांचं बरं झालं सांगितलंत."

मला आधी ते नीट शिरलंच नाही डोक्यात. मग शिरलं. मालकांच्या मनात कोणालाच काढायचं नव्हतं. आमची चेष्टा, आमची ती काड्यांची भीती, ती आमचीच होती. त्या भीतीपायी हिने मला आयतं कापून ताटात वाढलं, आणि तेही न मागता. माझ्या अंगाची नुसती आग झाली. वाटलं, समोरचं सूप उचलावं आणि हिच्या डोक्यावर ओतावं. प्लॅस्टरवाल्याची आठवण झाली. पण प्लॅस्टर सुकतं तरी, सुपाने काय होणार.

"आणि तुझे समोरचे दात कोण करतं, तेही सांगितलंस का त्यांना?"

तिने मान हलवली. नाही.

"का? तेवढाच घास घशात अडकला?"

"वहिनी, मी घाबरले होते गं."

"मीही घाबरले होते, तुला नेलं त्या दिवशी. तुझा कप धुवून ठेवला होता मी. दोघींना मिळून एक पगार द्या म्हणून सांगायला निघाले होते मालकांना. मीही घाबरलेलीच होते, बेबी."

हे ऐकून तिने मोठ्याने हुंदका दिला. पडद्यापलीकडून एका बाईने डोकावून पाहिलं. मी तिच्याकडे असं पाहिलं की ती परत आपल्या भातात गेली.

मी जेवायला लागले. भूक नव्हती, पण काहीतरी चावायला हवं होतं. मासा खरंच चांगला होता, त्याचाही राग आला. बेबीने डोळे पुसले, पाणी प्यायली, आणि मग तिने ते काढलं, ज्याच्यासाठी खरं तर ती मला तिथे घेऊन आली होती.

"एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"समोरचे दात मी घरी आणत जाईन. संध्याकाळी. तू घरीच असशील ना आता. कड मी करेन, आकार तेवढा तू... कोणाला कळणार नाही."

मी माशाचा एक काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"नाहीतर पहिल्याच महिन्यात माझीही उचलबांगडी होईल," ती घाईघाईने म्हणाली. "मग घरात काय राहिलं? दादाची पाठ ही अशी. पगार येतोय तो काय माझ्या एकटीचा आहे? आपल्या सगळ्यांचाच आहे ना?"

"आत्ता आपला झाला?"

"आणि दादाला नको सांगूस, मी बोलले ते. मशीन आलं म्हणून काढलं असं सांगू. त्याला कळलं तर तो मला घरात ठेवणार नाही, वहिनी."

तिच्या गयावया करण्यात खोटेपणा नव्हता, हेच जास्त चीड आणणारं होतं. तिला खरंच वाटत होतं की ती घर वाचवतेय. रस्ता ओलांडून केबिनमध्ये जायला मला वेळ लागला नसता. दुसरा अर्धा भाग सांगितला असता, तर तीही माझ्याबरोबर बाहेर. दोन बायका, एक पाठ गेलेला माणूस आणि शून्य पगार. सूड मस्त झाला असता आणि त्यावर उपाशी झोपलो असतो. हे सगळं तिनेही मांडून पाहिलेलं होतं, म्हणून तर ती इतकी निर्धास्त रडत होती.

"जेव," मी म्हटलं. "थंड होतंय."

तिने त्याचा अर्थ हो असा घेतला. चुकीचा घेतला असं मला म्हणता येत नाही. ती जेवली, भरभर, भात परत मागून घेतला. उठताना तिने ऑफिसच्या कार्डाने पैसे भरले आणि पावती लॅबच्या नावाने मागून घेतली. बाहेर पडताना पोरापोरींनी पुन्हा आरोळी ठोकली, बहुतेक, परत या.

महिनाअखेरीस मी माझी हत्यारं घेऊन घरी आले. पॉलिशवाल्याने दाराशी येऊन माझी पेटी रिक्षात ठेवली आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "तुमच्या बेबी मॅडम आहेत, काळजी नाही." मालकांनी स्वतः येऊन हात जोडले. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. घरी जेवताना बेबीनेच ह्यांना सांगितलं, मशीन आल्यामुळे असं झालं म्हणून. आमचे हे मशीनला, मशीन बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना शिव्या देत बसले. मग म्हणाले, "बेबी तरी टिकली. एक तरी हुशार निघाली घरात." मी त्यांच्या ताटात भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेबी घरी आली ती बरोबर साच्यांचा डबा घेऊन. तिने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, साचे मांडले, मेण ठेवलं. हे पाठीला उशी लावून टीव्हीसमोर बसले होते.

"हे काय गं?" त्यांनी विचारलं.

"काम आणलंय थोडं," बेबी म्हणाली. "वहिनीलाही बसवते हाताशी. नुसती बसून राहिली तर तिचाही वेळ जायचा नाही."

असं म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी खुर्ची ओढून बसले. समोर एका बाईचे वरचे चार दात होते, म्हणजे दात नव्हते, त्यांच्या जागा होत्या. मी मनाशी पक्कं केलं होतं, की हे दात बिघडवायचे. साबणाच्या वड्या करायच्या, अगदी बेबीच्या हातच्या. डॉक्टर परत पाठवतील, मालक विचारतील, मॅडम, हे काय? सांगावं मग तिने काय सांगायचं ते. मी काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती.

मेण तापवलं. पहिला दात ठोकळा करायला घेतला. पण खालचा दात कुठे टेकणार ते बोटाला कळत होतं, मग तिथे जरा उतार दिला. उतार दिला तर टोक जड दिसायला लागलं, ते हलकं केलं. भानावर आले तर दात तयार. अंगठ्याने चेपून टाकला आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. ज्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं, जिने माझं काही वाकडं केलं नव्हतं, ती डोळ्यांपुढून हलेना. तिला उद्या-परवा कोणासमोर तरी हसायचं असणार. मला माझ्या हातांचा इतका संताप कधी आला नव्हता. बाकी सगळ्या जगाने मला फसवलं होतं, यांनी तरी माझं ऐकायला हवं होतं.

चारही दात झाले. चांगले झाले. बेबीने साचा उचलून दिव्याकडे धरला आणि तिचा अडकलेला श्वास सुटलेला मला ऐकू आला. ती शेजारची खुर्ची ओढून बसली, भिंग डोळ्याला लावलं आणि कडा करायला लागली. लॅबमध्ये बसायची तशीच, माझ्या डाव्या हाताला.

जाहिराती लागल्या तसं ह्यांनी टीव्हीवरून नजर काढून आमच्याकडे वळवली. बराच वेळ कौतुकाने बहिणीकडे बघत राहिले.

"बेबी," ते म्हणाले, "हिला जरा नीट शिकव गं. आधीच शिकवलं असतंस, तर नोकरी गेली नसती बिचारीची."

मी बेबीकडे पाहिलं. वाट पाहिली. तिने भिंग डोळ्यावरून काढलं नाही.

"हो, दादा," ती म्हणाली.